जनुकसंहितेतील पाठभेद

(उपनगरातील एका वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



विषय जनुकशास्त्राचा आणि वक्ता कला शाखेचा पदवीधर, हा योग पाहून आपल्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या असतील. माझी बाजू एवढीच, की वृत्तपत्राच्या नोकरीत हा विषय मला वारंवार हाताळावा लागला; आणि जसजसा त्यात शिरलो, तसतसे असे वाटू लागले, की मनुष्याच्या जनुकांचे वाचन करणारे शास्त्रज्ञ आणि जुन्या हस्तलिखितांची चिकित्सा करणारे आपले पंडित हे एकाच प्रकारचे काम करीत आहेत. म्हणून आजच्या विषयाकडे मी प्रयोगशाळेच्या दारातून न जाता पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या दारातून जाणार आहे.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य तेथे १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, निरनिराळ्या लिप्यांतील साडेबाराशेहून अधिक पोथ्या जमविण्यात आल्या. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यासारख्या विद्वानांनी त्या ओळीला ओळ लावून ताडून पाहिल्या. एका पोथीत एक शब्द, दुसरीत दुसरा. याला आपण पाठभेद म्हणतो. पाठभेद दिसणे सोपे असते. त्यातला कोणता लेखनिकाच्या डुलकीमुळे आला, कोणता एखाद्या प्रांताची सर्वमान्य परंपरा आहे आणि कोणत्याने अर्थाचा अनर्थ होतो, हे ठरविण्यात पंडितांची हयात जाते. त्यासाठी अट एकच. पोथ्या सर्व प्रांतांच्या हव्यात. केवळ उत्तरेच्या पोथ्या पाहणाऱ्याला दक्षिणेतला रूढ पाठ चूक वाटू शकतो.

आता मनुष्याच्या पोथीकडे वळू. आपल्या बहुतेक प्रत्येक पेशीत डीएनएच्या रूपाने सुमारे तीनशे कोटी अक्षरांची संहिता असते. वर्णमाला केवळ चार अक्षरांची. ही संहिता प्रथम वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये तो पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. खर्च सुमारे तीन अब्ज डॉलर. अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स, जर्मनी आणि चीन हे सहा देश त्यात होते. भारत नव्हता. (वाचायला कठीण असे जे आठ टक्के त्या वेळी राहून गेले होते, ते २०२२ मध्ये वाचून झाले.)

त्या प्रकल्पाची पद्धत फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये शोधलेली. अचूक, पण संथ. अमेरिकन शासकीय संस्थेच्या हिशोबाप्रमाणे २००१ मध्ये एका माणसाची संहिता वाचायला साडेनऊ कोटी डॉलर लागले असते. आज काही शे डॉलर पुरतात. संगणकाच्या किमतीसुद्धा इतक्या वेगाने उतरल्या नाहीत. हा चमत्कार घडविणाऱ्या यंत्रपद्धतीला ‘नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग’ असे नाव पडले. आपण तिला नव्या पिढीचे क्रमवाचन म्हणू. तिच्या सर्वाधिक प्रचलित प्रकाराचे दोन जनक केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ आहेत. डेव्हिड क्लेनरमन आणि १९६६ साली चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमण्यन. १९९७ मध्ये केंब्रिजमधल्या एका पबमधील गप्पांत ही कल्पना आकाराला आली, असे ते सांगतात. स्थळ आपल्या व्याख्यानमालेला साजेसे नाही, पण कल्पना मोठी होती.

ती अशी. एकाच ग्रंथाच्या तीस प्रती घ्या आणि सर्व प्रती कात्रीने कापून बारीक चिठ्ठ्या करा. प्रत्येक चिठ्ठीवर दीडशेच्या आसपास अक्षरे. आता एकच पंडित ग्रंथ पहिल्या पानापासून वाचीत बसण्याऐवजी कोट्यवधी वाचक एकेक चिठ्ठी एकाच वेळी वाचतात. यंत्रात हे वाचन काचेच्या पट्टीवर होते. डीएनएचा प्रत्येक तुकडा पट्टीवर चिकटतो, त्याच्या तेथेच असंख्य नकला होतात, मग त्याला जोडीदार असलेली अक्षरे एकेक करून जोडली जातात. प्रत्येक अक्षराला रंगीत प्रकाश देणारे द्रव्य लावलेले असते. एक अक्षर जोडले, की प्रक्रिया थांबते, कॅमेरा छायाचित्र घेतो, रंगावरून अक्षर ओळखले जाते आणि पुढचे अक्षर जोडले जाते.

येथपर्यंतचे काम यंत्राचे. हाती येतो तो चिठ्ठ्यांचा ढीग, एका माणसामागे शंभर गिगाबाइटच्या आसपास. वैद्यकाच्या दृष्टीने खरे काम यानंतर सुरू होते. प्रत्येक चिठ्ठी कोणत्या पानावरची, हे संगणक एका छापील प्रमाण प्रतीशी ताडून ठरवितो. एकाच ओळीच्या तीसएक चिठ्ठ्या मिळाल्या आणि त्यातल्या निम्म्यांत वेगळे अक्षर दिसले, तर आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून वेगळा पाठ आला, असे तो नोंदवितो. तीसपैकी एकाच चिठ्ठीत वेगळे अक्षर असेल, तर बहुधा ती यंत्राचीच चूक. अशी छाननी करूनही प्रत्येक माणसात प्रमाण प्रतीहून वेगळे असे चाळीस ते पन्नास लाख पाठभेद उरतात. आपल्या सर्वांत आहेत. बहुतेक निरुपद्रवी. या लाखोंच्या ढिगात एखाद्या मुलाच्या दुखण्याचे कारण असलेले एक अक्षर दडलेले असू शकते. ते कसे सापडते?

अमेरिकेतील मिलवॉकी शहरात उपचार झालेल्या एका बालकाची हकीकत या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. आतड्यांच्या एका अनाकलनीय विकाराने त्याला दुसऱ्या वर्षापासून ग्रासले होते. शंभराहून अधिक वेळा त्याला शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले. सर्व निदाने थकल्यावर २००९ मध्ये डॉक्टरांनी त्याच्या संहितेतील प्रथिने घडविणारा भाग वाचविला. तो भाग संपूर्ण संहितेच्या एक-दीड टक्काच असतो. तरी त्यात सोळा हजारांहून अधिक पाठभेद निघाले. मग चाळणी सुरू झाली. निरोगी माणसांत आढळणारे वगळले, प्रथिनात बदल न करणारे वगळले. शेवटी मूठभर उरले आणि त्यातून एक समोर आला. एक्सआयएपी नावाच्या जनुकात एक अक्षर बदललेले. त्या जागचा मूळ घटक इतर प्राण्यांतही तोच असतो, म्हणजे निसर्गाने जपलेला पाठ या मुलात बिघडला होता. हे जनुक प्रतिकारशक्तीशी निगडित असल्याचे आधीच ठाऊक होते. म्हणून २०१० मध्ये नाळेच्या रक्तातील मूळपेशींचे रोपण झाले आणि मूल जेवू लागले. तेथील स्थानिक दैनिकाने ही कथा लेखमालेतून मांडली आणि २०११ चे पुलित्झर पारितोषिक मिळविले. असा विषय असा सोपा करून मांडता येतो, याचा एक वार्ताहर म्हणून मला हेवा वाटतो.

मात्र या चाळणीतील एक शब्द आपण निसटू देऊ नये. ‘निरोगी माणसांत आढळणारे वगळले.’ कोणती निरोगी माणसे? प्रमाण प्रत तरी कोणाची?

प्रमाण प्रतीची कथा ऐकण्यासारखी आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतील बफेलो शहराच्या वर्तमानपत्रात स्वयंसेवक हवेत अशी जाहिरात आली. ज्यांनी रक्त दिले त्यांतील एकाच अनाम पुरुषाच्या संहितेतून प्रमाण प्रतीचा सुमारे ७० टक्के भाग तयार झाला. सर्व जगाचे वैद्यक वर्षानुवर्षे ज्या प्रतीशी आपली प्रत ताडून पाहत आले, ती इतकी एकहाती. एकाच पोथीला संहिता मानणे भांडारकर संस्थेच्या पंडितांना मान्य झाले नसते. शास्त्रज्ञांनाही उणीव ठाऊक होती; २०२३ मध्ये ४७ व्यक्तींच्या संहितांवरून अनेकपदरी प्रमाण प्रतीचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी लागणाऱ्या माहितीची स्थितीही अशीच एकांगी होती. रोग आणि जनुके यांचा संबंध शोधणाऱ्या व्यापक अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असे २०१६ मध्ये ‘नेचर’मधील एका लेखाने दाखविले.

याचे दुष्परिणाम केवळ तात्त्विक नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एक अस्वस्थ करणारा अभ्यास आला. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. खेळता खेळता तरुण मैदानावर कोसळतात, तो. त्याला कारणीभूत म्हणून नोंदलेले काही पाठभेद कृष्णवर्णीय अमेरिकनांत सर्रास आढळतात आणि ते निरुपद्रवी आहेत, असे नंतर लक्षात आले. दरम्यान काही कृष्णवर्णीय कुटुंबांना ‘तुमच्यात हा रोग आहे’ असे अहवाल गेले होते. मूळ अभ्यासात थोडे कृष्णवर्णीय निरोगी लोक घेतले असते, तरी ही चूक टळली असती, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. दक्षिणेच्या पोथ्या न पाहता दक्षिणेचा पाठ चूक ठरविण्याचाच हा प्रकार.

आपल्याकडेही हृदयाचेच उदाहरण आहे आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. एमवायबीपीसी-३ या जनुकातील २५ अक्षरे गळालेला पाठ भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत आढळतो. इतरत्र जवळजवळ नाहीच. हैदराबादच्या सीसीएमबीतील संशोधकांसह अनेकांनी २००९ मध्ये दाखविले, की त्याचा हृदयविकाराशी संबंध आहे. चार टक्के म्हणजे कोट्यवधी माणसे, बातमी गाजली. पुढे अभ्यास वाढले, तसे चित्र बदलले. २०२० मधील एका फेरतपासणीत असे दिसले, की बराचसा दोष त्या गळालेल्या अक्षरांचा नसून त्यांच्याच शेजारी, काही मोजक्या लोकांत असणाऱ्या दुसऱ्या एका पाठभेदाचा आहे. पोथ्यांच्या अभ्यासकाला हे पटकन कळेल. एका मूळ प्रतीतून नकला होत जातात, तेव्हा शेजारच्या दोन चुका हातात हात घालून प्रवास करतात. एक निरुपद्रवी, एक घातक. घातक ओळखायची, तर त्याच परंपरेच्या भरपूर प्रती समोर हव्यात. बोस्टनच्या प्रती येथे उपयोगी पडत नाहीत.

औषधांचेही असेच. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात मर्कॅप्टोप्युरीन हे औषध देतात. काहींना नेहमीची मात्रा सोसत नाही. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. युरोपीय लोकांत याचे मुख्य कारण टीपीएमटी जनुकातील दोष, म्हणून तिकडे त्याची चाचणी रूढ झाली. आशियाई लोकांत मात्र न्यूड्ट-१५ हे दुसरेच जनुक अधिक महत्त्वाचे आहे. कोरियातील रुग्णांच्या अभ्यासातून ते २०१४ मध्ये पुढे आले. केवळ पाश्चात्त्य चाचणी जशीच्या तशी उचलली असती, तर अहवाल निर्दोष आला असता आणि मूल मात्र औषधानेच आजारी पडले असते.

आता एका नाजूक मुद्द्याकडे येतो. आपल्या देशात शेकडो समाज पिढ्यानुपिढ्या आपापल्यांतच विवाह करीत आले. त्यामुळे एखाद्या समाजाच्या थोड्या मूळ पूर्वजांपैकी एकात असलेला पाठभेद त्या समाजात मोठ्या प्रमाणात पसरतो. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणाऱ्या एका औषधाचा परिणाम काही व्यक्तींत मिनिटांऐवजी तासन्तास टिकतो. भूलतज्ज्ञांना हे अनुभवाने ठाऊक होते. जनुकातील कारण नंतर कळले. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. बी. एस. सिंघल यांनी १९९० च्या दशकात असेच एक निरीक्षण नोंदविले. डोक्याचा आकार मोठा आणि हळूहळू चालणे बिघडत जाणारी काही मुले त्यांच्याकडे येत, त्यांतील बहुतेक अग्रवाल कुटुंबांतील होती. हाताशी क्रमवाचनाचे यंत्र नव्हते. होती ती डोळस नजर आणि व्यवस्थित ठेवलेली नोंद. कारणीभूत जनुक २००१ मध्ये सापडले आणि या कुटुंबांत त्याच एका जागी एक जास्तीचे अक्षर घुसलेले आढळले. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण कोणते पान वाचायचे हे यंत्राला अखेर वैद्यच सांगतो.

यात कोणत्याही समाजाला कमीपणा नाही. असे काही ना काही प्रत्येक समाजात आहे. ज्यांचा अभ्यास झाला त्यांचे कळले, एवढेच. प्रश्न आहे तो आपण ते लपवितो की हाताळतो, याचा. न्यूयॉर्कमधील पारंपरिक ज्यू समाजाने काय केले पाहा. टे-सॅक्स नावाच्या विकाराने त्यांची बालके दगावत. स्वतःची चार मुले या रोगाने गमावलेल्या रब्बी जोसेफ एकस्टाइन यांनी १९८३ मध्ये ‘दोर येशोरिम’ ही व्यवस्था उभी केली. तरुणांची रक्तचाचणी होते, पण निकाल कोणालाच कळविला जात नाही. मिळतो फक्त एक क्रमांक. स्थळ आले, की दोन क्रमांक कळवायचे. दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील, तरच सावध केले जाते. कोणावर शिक्का नाही, कोणाची कुजबुज नाही. आपल्याकडे पत्रिका जुळवायला वेळ असतो, पण थॅलेसेमियाच्या वाहकत्वाची साधी रक्तचाचणी सुचविली, की दोन्ही घरांचे चेहरे उतरतात. अशी व्यवस्था आपल्या समाजसंस्था सहज चालवू शकतील, असे मला वाटते.

आणि साधी चाचणी मुद्दाम म्हणालो. प्रत्येक ठिकाणी संपूर्ण संहिता वाचण्याची गरज नसते. गडचिरोली-नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील जनजाती बांधवांत आढळणारा सिकलसेल हा विकार एका अक्षराच्या बदलाने होतो. तो शोधायला स्वस्त रक्तचाचणी पुरते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे, ते अशाच चाचण्यांवर. महाग यंत्राचे कौतुक करताना स्वस्त साधनाचा विसर पडता कामा नये.

मग आपल्या पोथ्या जमविण्याचे काम कोठवर आले? २००९ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने एका भारतीयाची संपूर्ण संहिता प्रथम वाचली. त्याच सीएसआयआर परिवारातील ‘इंडिजेन’ने २०१९ मध्ये हजाराहून थोड्या अधिक व्यक्तींची वाचने पूर्ण केली. २०२० मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाला मान्यता दिली. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राच्या समन्वयाने वीस संस्था एकत्र आल्या आणि देशभरातील ८३ समाजगटांतून, त्यांत ३० जनजाती, रक्तनमुने घेतले गेले. दहा हजार संहितांची माहिती ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी खुली करण्यात आली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांत ९,७७२ व्यक्तींत मिळून सुमारे १८ कोटी पाठभेद नोंदले आहेत. सर्व सामग्री फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात, म्हणजे आपल्याच भूमीवर आहे. समाधान वाटावे असेच हे काम आहे. परंतु १४० कोटींच्या देशात दहा हजार ही सुरुवात झाली. ब्रिटनच्या ‘बायोबँक’मध्ये पाच लाख लोक आहेत, आणि त्यांच्या जनुकांबरोबर त्यांच्या आजारांची, औषधांची वर्षानुवर्षांची नोंद जोडलेली आहे. आपली उणीव येथे अधिक आहे. आपल्या रुग्णालयांतील केसपेपर कोणत्या गोणीत जातात, ते आपण सर्व जाणतो. पाठभेद कळला, पण त्या माणसाचे पुढे काय झाले हे कळले नाही, तर अर्थ कसा लावायचा?

आपल्यापैकी कोणाच्या घरी अशा चाचणीची वेळ आलीच, तर व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. अहवालात ‘महत्त्व अनिश्चित’ असा शेरा असलेला पाठभेद दिसला, तर त्याचा अर्थ रोग आहे असाही नाही आणि नाही असाही नाही. केवळ त्यावर विसंबून शस्त्रक्रिया किंवा गर्भपाताचा निर्णय होऊ नये. आनुवंशिकी समुपदेशकाला भेटावे. दोन-तीन वर्षांनी त्याच माहितीचे पुन्हा विश्लेषण करून घ्यावे. रक्त पुन्हा द्यावे लागत नाही. अक्षरे तीच असतात, मधल्या काळात अर्थ उलगडलेला असू शकतो. त्यासाठी मूळ संगणकीय फाइल प्रयोगशाळेकडून मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. मुलाचा कल गणिताकडे की गायनाकडे हे डीएनएवरून सांगणाऱ्या जाहिरातींना मात्र एक रुपयाही देऊ नये.

आणि लाळ कोणाच्या बाटलीत देतो आहोत, हे पाहावे. घरबसल्या वंशावळ सांगणाऱ्या ‘ट्वेंटी-थ्री-अँड-मी’ या अमेरिकन कंपनीकडे दीड कोटी ग्राहकांची माहिती होती. २०२३ मध्ये तिच्यातील लाखो ग्राहकांची माहिती चोरीस गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा न्यायालयापुढे विक्रीस आलेली मालमत्ता म्हणजे मुख्यतः ती माहितीच होती. अखेर कंपनीच्या संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ती ३०.५ कोटी डॉलरला घेतली. बँकेचा संकेतशब्द फुटला तर बदलता येतो. ही तीनशे कोटी अक्षरे बदलता येत नाहीत, आणि ती आपल्या एकट्याची नसून भावंडांची आणि लेकरांचीही असतात. आपल्या देशात वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, पण जनुकीय माहितीसाठी वेगळा कायदा त्यात नाही. विमा कंपनीने किंवा मालकाने असा अहवाल मागावा का, आणि मागितला तर नकार देण्याचा हक्क असावा का, यावर आपल्या लोकप्रतिनिधींना आपण अद्याप विचारलेलेही नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. प्रश्नांसाठी वीस मिनिटे राखून ठेवली आहेत. सभेला आलेल्या डॉक्टर मंडळींनी उत्तरांत मला साहाय्य करावे, अशी विनंती करून थांबतो.